गाळपेर

डिसेंबर सरता सरता तापीचं पाणी मागे हटतं
आणि धरणाच्या पोटातून जुनं शिवार वर येतं.
बुडालेल्या गावाची वेस, विहिरीचं काठोकाठ भरलेलं तोंड,
बाभळींची काळी खोडं,
पलीकडे केळीच्या बागा, अलीकडे मैलभर गाळ
लोण्यासारखा,
अजून कुणाच्याच नावावर नसलेला.

मी पातळी लिहिते. सकाळी आठ, संध्याकाळी पाच.
मीटर, सेंटिमीटर, शेरा.
शेऱ्याचा रकाना बावीस वर्षं कोराच गेला.

मग एका पहाटे सुपडू भोयाच्या जाळ्यात,
चिलापीच्या गर्दीत,
मुठीएवढं काहीतरी धडधडताना सापडलं.
"ताई, मासा नही हा."
टिलवा. मातकट पाठ, पांढरं पोट, काळ्या काड्यांचे पाय
आणि उजव्या पायात एक कडं,
बाळाच्या नखाएवढं.

त्याच्याच तराजूत तोलला.
एका पारड्यात रुमालात गुंडाळलेला टिलवा,
दुसऱ्यात पाचाची जुनी, जाड नाणी.
तिसरं टाकलं तेव्हा काटा मधोमध आला.
"पंधरा रुपये," सुपडू म्हणाला
आणि हसला नाही.

कड्यावरचे आकडे मी शेऱ्यात उतरवले.
सोडलेला पक्षी दहा पावलांवर उतरला
आणि लगेच चोचीनं गाळ शिवायला लागला,
जसा काही मधे टाकाच तुटला नव्हता.

उत्तर यायला होळी उजाडली.
हा जिथं अंड्यातून निघाला, पत्रात होतं,
तिथं झाड नाही. एकही नाही.
खालची जमीन बारमाही गोठलेली,
म्हणून वरचं पाणी मुरायला जागा नाही,
नुसती डबकी, शेवाळ, डबकी,
आणि उन्हाळ्यात दोन महिने
सूर्य घरी जायचं विसरतो.
तिथं आखूड शेपटीचा एक उंदीर असतो.
उंदीर उदंड झाले की कोल्हे उंदीर खातात.
उंदीर घटले की कोल्हे अंडी हुडकतात.
आणि हल्ली भर हिवाळ्यात पाऊस होतो तिथं,
बर्फावर काचेचं झाकण बसतं,
उंदरांना त्याखालचा पाला लागत नाही.

सुपडू बराच वेळ जाळं सांधत राहिला.
"म्हणजे तठी उंदीर मेला
तं आठी आपला गाळ रिकामा?"
तसंच काहीसं.
"आन् आठी गाळ नांगरला तं?"
त्याबद्दल पत्रात काही नव्हतं.

पुढच्या साली गाळपेराचे पट्टे वाटले.
यादी लागली, ट्रॅक्टर आले,
पाणी जसं सरकेल तसा फाळ त्याच्या मागे मागे.
आदल्या जानेवारीत मी चारशे टिलवे मोजले होते,
यंदा एकतीस.
कोल्ह्यांनी की फाळानं,
मला सांगता येत नाही. पातळी लिहिणाऱ्या बाईला
एवढं कुणी विचारतही नाही.

फक्त वत्सला सपकाळेनं
आपल्या टरबुजाच्या पट्ट्यात
पाण्याकडच्या बारा ओळी लावल्या नाहीत.
मी विचारलं तर म्हणाली, "ओल लई आहे ना तठी,
वेल सडतो."
तिथला वेल कधी सडत नाही.
सगळ्या शिवाराला माहीत आहे,
तिथलंच टरबूज भुसावळच्या बाजारात
आधी विकलं जातं.
मी मान हलवली. ती ओंजळभर बी
पदरात बांधून उभी होती,
तशीच घरी घेऊन गेली.

तारीख अठरा. सकाळी आठ.
दोनशे अकरा मीटर, चाळीस सेंटिमीटर.
शेरा: वत्सलाबाईच्या बारा ओळींत
नऊ टिलवे.
कडं कुणाच्याच पायात नाही.